बशी दिसते तिथवर

कार्तिक लागला की मी बशीत चहा ओतून पिणं बंद करतो. ऐंशी ओलांडलेल्या माणसाच्या लहरींना घरात आता कुणी हरकत घेत नाही, पण आमच्या सौभाग्यवती गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हेत. "लागलं का तुमचं बशीचं सुतक?" असं म्हणत त्या कप तसाच समोर सरकवतात. मी तो फुंकून फुंकून, तरीही जीभ भाजून घेत पितो. महिनाभर असं चालतं. मार्गशीर्ष उजाडला की बशी परत येते आणि मी चारचौघांसारखा भुर्रकन चहा ओढायला मोकळा होतो. याला व्रत म्हणता येणार नाही. व्रताचं उद्यापन तरी होतं, याचं काही होत नाही.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात पावसाचं कौतुक होतं, उन्हाबद्दल तर वर्षभर बोललं जातं. पण पाऊस संपून थंडी नीट पडायच्या आत काही आठवडे असे येतात, की त्यांना कुणी नाव दिलेलं नाही. त्या दिवसांत पाणी निवळतं. आषाढ-श्रावणात काळ्या रानांतली माती घेऊन धावणारे नाले भाद्रपदात जरा दमतात, गाळ खाली बसू लागतो, आणि दिवाळीनंतरच्या एखाद्या सकाळी काठावर उभं राहिलं तर तळातला खडा दिसतो. कपाशीची पहिली वेचणी चालू असते. तुरीला पिवळी फुलं धरलेली असतात. बाजारात उकडलेल्या काळ्या शिंगाड्यांचे ढीग लागतात आणि त्यांना अजून चिखलाचा वास येत असतो. माझ्या लेखी हा निवळण्याचा ऋतू. एका तळ्यात तो ऋतू मी येऊ दिला नाही. पुढेही तो तिथे कधी आला नाही.

साठीचं दशक नुकतं लागलं होतं. अमरावतीहून बी.एस्सी. होऊन मी उमरखेड तालुक्यात, ढाणकीच्याही पुढच्या एका गावी विज्ञानाचा मास्तर म्हणून रुजू झालो. वय चोवीस. सोबत एक ट्रंक, वनस्पतिशास्त्राची दोन जाड पुस्तकं, आणि आपल्याला बरंच काही कळतं अशी खात्री. शाळेला चार खोल्या होत्या आणि मागे तळं होतं. तळ्याला नाव नव्हतं. गावात एकच असल्यामुळे नावाची गरज पडली नव्हती. पाळीवर ढीवरांची सात घरं होती. तळ्यातली मासोळी आणि कडेच्या उथळ पाण्यातले शिंगाडे, एवढ्यावर त्यांचं चाले.

पहिल्याच कार्तिकातली ती सकाळ आहे. मी दात घासत पाळीवर आलो होतो. तळ्याच्या मध्यावर एक डोंगा उभा होता आणि त्यात एक पन्नाशीची बाई पालथी पडून पाण्यात बघत होती. हातात सुतळी. सुतळीच्या टोकाला शिंकं, शिंक्यात एक पांढरी चिनी बशी, आणि ती बुडावी म्हणून खाली दगड बांधलेला. डोंग्याच्या दुसऱ्या टोकाला तिचा दीर किसन बांबू रोवून डोंगा स्थिर धरून बसला होता. बाई सुतळी हळूहळू सोडत होती, मध्येच थांबत होती, पुन्हा सोडत होती. मग तिने सुतळीला एक गाठ मारली आणि बशी वर ओढून घेतली. कोपरापासून बोटापर्यंत हात लावून तिने सुतळी मोजली.

डोंगा काठाला लागल्यावर मी विचारलं, "हे काय चाललंय, बाई?"

"बशी सोडून राह्यली जी, गुर्जी."

"कशाला?"

"कुठंवर दिसते थे पाहाले."

ही सरूबाई. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, आणि सात घरांतली सगळ्यांत वडीलधारी. तळ्याच्या बाबतीत तिचा शब्द शेवटचा. तिच्या सासूच्या काळात बशीच्या जागी शंख असे. तो फुटल्यावर सरूबाईने ढाणकीच्या बाजारातून बशी आणली होती, आणि तिला ती शंखापेक्षा बरी वाटे, कारण बशी पसरट. नियम साधा होता. तळ्याच्या आत, पाण्याखाली, दाट शेवाळ वाढायचं. जाळी फिरवायला ते थोडं कापावं लागे. किती कापायचं ते बशी सांगायची.

"पाच हात दिसली तं निम्मं कापाचं. चार हात दिसली तं डोंग्याच्या वाटेपुरतं. तीन हातावरच गेली तं त्या साली कोनी हात लावाचा नाही," तिने बोटांवर मोजत सांगितलं. "अन् कापाचं, उपटाचं नाही. बूड राहू द्याचं."

त्या वर्षी बशी पाच हात दिसली होती. सरूबाई खुशीत होती. तिने डोंग्यातून शेवाळाची एक ओली जुडी उचलून माझ्या हातात दिली, एखाद्याने कोथिंबीर द्यावी तशी. मी त्यातलं एक पान तोडून खिशातल्या कागदावर ठेवलं. तो फुटाण्याच्या पुडीचा कागद होता, छापील. पानाखालचं अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. 'उत्तम बियाणे' असं काहीतरी होतं. मी चकित होऊन ते सरूबाईला दाखवलं. तिला वाचता येत नव्हतं, पण ती वाकून बघत राहिली आणि म्हणाली, "काचच हाये जी!"

त्या कार्तिकात मी त्या पानाच्या प्रेमात पडलो. दुसरा शब्द मला सुचत नाही. जमिनीवरचं झाड कसं असतं ते आपण जाणतो: उजेड हवा तेवढा, वर काही शिल्लक, म्हणून पानाची कातडी जाड, तिच्यावर मेणाचा हात फिरवलेला, आणि हिरवा रंग आतल्या थरांत राखून ठेवलेला. पाण्याखाली हा थाट परवडत नाही. वरून येणारा उजेड हातागणिक कमी होत जातो, त्यातला तांबूस भाग तर वरच्या वरच संपतो, आणि खाली पोचतो तो पुसट, हिरवा-निळा उरलेला. त्यावर जगायचं तर सगळा डामडौल टाकावा लागतो. त्या पानाने मेण टाकलं, जाडी टाकली. जेमतेम दोन पदर ठेवले, आणि हिरवा रंग थेट बाहेरच्या कातडीत आणून बसवला, म्हणजे आलेला कणभर उजेडही वाया जाऊ नये. खोडात लाकूड नाही, कारण पाणी धरून ठेवतं. जी काही ताकद आहे ती लांब होण्यात, उजेडाच्या दिशेने वर सरकण्यात. मी पहाटे उठून पाळीवर बसू लागलो. सूर्य निघायच्या आत, नुसतं फटफटलं की त्या शेवाळातून बारीक बुडबुडे वर येऊ लागत. वरच्या बाभळी अजून झोपेत असायच्या आणि खाली कामाला सुरुवात झालेली असायची.

वर्गात मी काचेच्या बरणीत ते शेवाळ लावलं आणि मोठ्या हौसेने खिडकीत, भर उन्हात ठेवलं. बिचारं आयुष्यभर अंधारात राहिलेलं, आता घे म्हटलं पोटभर. चार दिवसांत पानं पांढुरकी पडली. तांड्यावरून येणारी आठवीतली एक मुलगी म्हणाली, "गुर्जी, हे उन्हाले भेते." सगळा वर्ग हसला. मी बरणी कपाटामागच्या कोपऱ्यात ठेवली. आठवड्याभरात शेंड्याला नवी हिरवी पानं फुटली. मला वाटलं, शिकवण्याची ही खरी पद्धत. या एका बरणीच्या जोरावर मी स्वतःला मोठा मास्तर समजू लागलो.

आणि मग मी सरूबाईला शाळेत बोलावलं. मुलांना बशी दाखवायला. हेडमास्तरांची हातवाली खुर्ची मी स्वतः उचलून वर्गात आणली. ती बसेना. "आमी खालीच बरे जी," म्हणून दाराशी टेकू लागली. मी हट्टाला पेटलो. तुम्ही आज इथल्या मास्तर आहात, तुम्ही बसल्याशिवाय मी शिकवणार नाही, म्हटलं. शेवटी ती खुर्चीच्या अगदी कडेला बसली, बशी मांडीवर दोन्ही हातांनी धरून. तिने मुलांना सगळं सांगितलं. तीन हात, चार हात, पाच हात. शेवटी म्हणाली, "शेवाय हाये म्हनून पानी साफ हाये."

मी तिथल्या तिथे दुरुस्ती केली. "नाही, नाही. उलटं आहे. पाणी साफ आहे म्हणून उजेड खाली जातो, आणि उजेड जातो म्हणून शेवाळ वाढतं." खडूने फळ्यावर बाणही काढून दाखवला.

सरूबाई फळ्याकडे पाहत राहिली. मग हसली. "असंन जी. तुमी शिकेल हा."

तो बाण मला आजही दिसतो. त्याला दुसऱ्या टोकालाही एक फाळ काढायला हवा होता. तिचं म्हणणं बरोबर होतं आणि माझंही बरोबर होतं. पाणी साफ म्हणून शेवाळ, आणि शेवाळाने गाळ धरून ठेवला म्हणून पाणी साफ. दोघं एकमेकांच्या आधाराने उभे. हे मला पुढे दहा वर्षांनी एका पुस्तकात सापडलं, आणि मी ते पुस्तक मिटून ठेवलं. पुस्तकावर राग काढण्यात अर्थ नव्हता, पण दुसऱ्या कुणावर काढणार?

परवा नातीने घरात काचेची पेटी आणली. रंगीत मासोळ्या, तळाला वाळू, रिबिनीसारखी लांब पानं. दुकानदाराने वरून एक झगझगीत दिवा दिला होता. पंधरा दिवसांत पानं फिकी पडली. ती खट्टू झाली. मी दिव्यावर एक जुना रुमाल टाकला. "आजोबा, तुम्हाला कसं कळलं?" तिने विचारलं. मी म्हटलं, शाळेत शिकवायचो ना. सौभाग्यवतींनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि स्वयंपाकघरात गेल्या.

त्या पहिल्या कार्तिकानंतरच्या वैशाखात आमच्या शाळेचं श्रमदान ठरलं. ते दिवस तसे होते. रस्ते, बांध, विहिरी, सगळीकडे फावडी चालू होती आणि मलाही काहीतरी करून दाखवायचं होतं. जिल्ह्याचे साहेब येणार होते. हिवतापाविषयीच्या एका पुस्तिकेत मी वाचलं होतं की साचलेल्या पाण्यातल्या वनस्पतींत डासांना आसरा मिळतो. झालं. तळ्यातलं शेवाळ साफ करायचं, ही कल्पना माझी. हेडमास्तर फक्त हो म्हणाले. दोषात मला कुणी वाटेकरी नको म्हणून हे लिहितोय.

लिंबाखाली बैठक बसली. किसन उभा राहिला. "शेवाय काढलं तं मासोयी राहीन कुठं? अंडे कुठं घालीन?"

"उलट मोकळं पाणी मिळेल," मी म्हणालो. "दुप्पट वाढेल मासोळी."

त्या वेळी सरूबाईने मला विचारलं. भरल्या बैठकीत, सरळ. "गुर्जी, तुमी सायन्स शिकले. हे बरोबर हाये ना?"

मी क्षणभरही थांबलो नाही. "शंभर टक्के बरोबर," म्हणालो.

किसन अजून कुरकुरत होता. सरूबाई त्याच्याकडे वळली. "गुर्जीनं मले खुर्चीवर बसवलं. आपलं वाईट थे कायले करतीन?"

किसन खाली बसला. बैठक संपली.

खुर्ची मी मनापासून दिली होती, हे इथे सांगायला हवं. त्यात डाव नव्हता. पण त्या खुर्चीमुळे तिने आयुष्यभराची बशी बाजूला ठेवली. तिने माझा मान ठेवला, आणि मी तिच्या प्रश्नावर विचारसुद्धा केला नाही.

श्रमदानाचा दिवस फार सुंदर होता. हे कबूल न करता पुढे लिहिलं तर ते खोटं होईल. पाणी आटून कंबरेएवढं राहिलेलं. पहाटे पाचपासून मुलं, गडी, बाया तळ्यात. मध्यापासून काठापर्यंत एक लांब रांग लावली, शेवाळाचे भारे या हातातून त्या हातात. गावातली मुलं होती, तांड्यावरची होती, आणि दीक्षा घेतलेल्या बौद्ध वस्तीतली मुलंही होती, ज्यांची घरची माणसं तोवर या घाटावर येत नसत. त्या दिवशी घाट कुणाचा हे कुणी विचारलं नाही. ओले भारे देताघेताना सगळ्यांचे हात सारखेच हिरवे झाले होते. मला भरून आलं होतं. आजही ते आठवलं की भरून येतं, आणि मग लगेच दुसरं आठवतं.

दुसरं म्हणजे बादल्या. ढीवरांनी शेवाळ कापलं असतं, फार तर ओढलं असतं. मुळाखालच्या चिखलात मण्यांएवढ्या पांढरट गाठी असतात आणि वरचं सगळं गेलं तरी त्या गाठींतून ते पुन्हा उगवतं, हे त्या गावात एकट्या मला ठाऊक होतं. माझ्या जाड पुस्तकात तसं चित्र होतं. मी मुलांना चिखलातून त्या गाठी वेचायला लावल्या. कोण जास्त वेचतो अशी शर्यत लावली. बादल्याच्या बादल्या भरल्या, आणि पाळीवर ओतून आम्ही त्या उन्हात वाळवल्या. सरूबाई पाळीवर उभी होती. एक गाठ उचलून तिने नखाने फोडून पाहिली.

साहेब आले, हार झाले. फोटो निघाला. फोटोत मी पाण्याकडे हात करून काहीतरी सांगतोय आणि पाणी अगदी मोकळं, आभाळ पडलेलं. तो फोटो पुष्कळ वर्षं आमच्या भिंतीवर होता. मग मी तो काढला. भिंतीवर चौकोन राहिला होता, त्यावर सौभाग्यवतींनी कॅलेंडर लावलं.

पावसाळा आला. माती आली, दरवर्षीसारखी. म्हशी पाण्यात उतरल्या, दरवर्षीसारख्या. पण तळाला आता काही धरून ठेवणारं नव्हतं. वारा सुटला की गाळ उठे. म्हैस हलली की गाळ उठे. आश्विन गेला तरी पाणी काळ्या चहासारखं. दिवाळी झाली. मी रोज सकाळी पाळीवर जायचो, उद्या निवळेल म्हणून. वर एक हिरवट साय धरू लागली होती आणि तिला वास होता.

एकदा मी किसनचा डोंगा मागून घेतला आणि मध्यावर जाऊन हात घातला. आम्ही वेचलेल्या गाठींतून सुटलेल्या काही असतीलच. हाताला काही लागलं. हळूच ओढून काढलं. एक दोऱ्यासारखं खोड, पिवळट पांढरं, चार हात लांब. पान म्हणून नाही. उजेड कुठे तरी वर असेल एवढ्या आशेवर ते चढत गेलं होतं, जवळचं सगळं लांबीत घालवून, आणि पाण्याच्या तोंडाशी यायच्या आत संपलं होतं. ते माझ्या बोटांवर ओल्या केसासारखं पडून राहिलं. तेव्हाच मला सगळं कळलं. कळायला दहा वर्षं लागली असं वर लिहिलंय, ते पुस्तकी कळणं. डोंग्यात बसल्या बसल्या कळलं ते वेगळं होतं, आणि पुरेसं होतं. मी तो दोरा पाण्यात सोडून दिला आणि डोंगा काठाला आणला. किसनने विचारलं, "काही दिसलं का जी?" मी म्हटलं, "नाही."

सरूबाई त्या दिवसांत घाटावर बसून असे. घरी रांजणातलं गढूळ पाणी निवळीची बी उगाळून साफ करतात, सगळ्यांच्याच घरी करायचे. ती पायरीच्या दगडावर निवळी उगाळायची आणि हाताने तळ्याच्या पाण्यात कालवायची. रोज सकाळी. एवढ्या तळ्यात एवढीशी बी. मी लांबून बघायचो आणि शाळेच्या पुढच्या दाराने आत जायचो, नाहीतर एरवी मी पाळीवरूनच जात असे.

मग तिने बशी सोडली. मी होतो तिथे, टाळता आलं नाही. डोंगा नेहमीच्या जागी, किसन बांबू रोवून. सरूबाई पालथी पडली. बशी मनगटभर खाली गेली आणि दिसेनाशी झाली. तिने वर काढली, पदराने पुसली, पुन्हा सोडली. पुन्हा पुसली. तिसऱ्यांदा सोडून ती तशीच पाण्यावर वाकून राहिली. डोंगा काठाला आला तेव्हा ती डोळे चोळत होती.

"माहे डोये गेले वाटते, गुर्जी," ती म्हणाली.

तळं बिघडलंय असं ती म्हणाली नाही. गुरुजींनी सांगितलेलं चुकलं, हे तिच्या मनात शिरतच नव्हतं. बैठकीत तिने सगळ्यांसमोर माझी बाजू घेतली होती. मग चूक राहिली कुठे? तिच्या डोळ्यांतच.

किसन माझ्याकडे बघत होता. मी काय बोललो ते जसंच्या तसं लिहितो. मी म्हणालो, "वय झालं की डोळ्यांवर पडदा येतोच, सरूबाई. उमरखेडला डोळ्यांचं शिबिर लागलंय. मी चिठ्ठी देतो, दाखवून या."

आणि मी चिठ्ठी दिली. शाळेच्या शिक्क्याची. घरी येऊन मी जेवलोसुद्धा.

त्या हिवाळ्यात जाळ्यात मासोळी लागली नाही. शिंगाड्याचे वेलही त्या घाणेरड्या सायीत कुजले. किसन आणि बाकीचे मला काही बोलले नाहीत. बोलले ते सरूबाईला. "तुह्या शब्दावर खाली बसलो," असं किसन तिला घाटावर सगळ्यांसमोर म्हणाला, तेव्हा मी शाळेच्या खिडकीत उभा होतो. उन्हाळ्याआधीच दोन घरं पैनगंगेच्या काठाला निघून गेली. उन्हाळ्यात आणखी तीन. शेवटी किसन गेला आणि त्याच्याबरोबर सरूबाई. मी त्या सुमारास बदलीचा अर्ज केला होता. तो मंजूर झाला आणि मी मुकुटबनकडे गेलो. निरोपाच्या सभेत माझ्या श्रमदानाचा उल्लेख झाला. टाळ्या पडल्या.

पुढे एकदा, नोकरी निम्मी उरकल्यावर, मी पैनगंगेच्या काठाने चौकशी करत गेलो होतो. किसनचा मुलगा भेटला. त्याने मला ओळखलं, चहा दिला. बशीतूनच. काकू चारेक वर्षांमागे गेली म्हणाला. "शेवटवर तुमचं नाव घ्यायची जी," तो म्हणाला. मला विचारायचं होतं, कसं नाव घ्यायची. ते विचारायला मी तिथवर गेलो होतो. विचारलं नाही. चहा थंड झाला. त्या वर्षापासून कार्तिकातली बशी सुटली.

तळ्यावर मी पुन्हा गेलो नाही. कुणी सांगतात बुजलं, कुणी सांगतात आहे, हिरवं. आपण बशी सोडून पाहावी असं दर कार्तिकात मनात येतं. पण ती कुठवर दिसेल ते मला ठाऊक आहे.

एक सकाळ मात्र लिहायची राहिली. ती इतकी वर्षं कुणालाच सांगितली नाही, सौभाग्यवतींनाही नाही. आता सांगतो.

सरूबाई उमरखेडहून परतली त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. मोटारीने गेली होती, दोन दिवस लागले होते. ती सरळ शाळेत आली आणि व्हरांड्यात उभी राहिली. पदराखाली बशी होती. खांदे थोडे ताठ होते, परीक्षेत पास झालेल्या मुलांचे असतात तसे.

"डाक्टर म्हनते, डोये साफ हायेत," ती म्हणाली. "मले सुईत दोरा ओवाले देल्ला. थो बी ओवला. लांबचं झाड दाखवलं, त्यावरचा कावया बी सांगतला."

"वा," मी म्हणालो.

ती थोडी जवळ आली. आवाज खाली आणून तिने विचारलं. त्यात राग नव्हता, ठपका नव्हता. वर्गात मुलं विचारतात तसं विचारलं, खरंच उत्तर हवं म्हणून.

"मंग गुर्जी, बशी दिसत काहून नाही?"

मी तिच्याकडे पाहिलं. मग हातातली वही बगलेत मारली आणि म्हणालो, "तास आहे माझा, सरूबाई." आणि वर्गाकडे चालू लागलो.

तास नव्हता. मधली सुट्टी होती. पोरं अंगणात हुंदडत होती, वर्गाला बाहेरून कडी होती, आणि ती कडी सरूबाईला स्वच्छ दिसत होती.